वऱ्हाडाला बिल लावता का राव?

मागच्या शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममधल्या एकाने मोबाइल सगळ्यांच्या तोंडासमोर फिरवला. साहेब सुट्टीत लंडनला चाललेत. सोबत बायको. आणि दोघांची एका बड्या फुटबॉल क्लबच्या मॅचची तिकिटं. साधी नाहीत बरं का, 'हॉस्पिटॅलिटी पॅकेज'. गुबगुबीत खुर्ची, मॅचच्या आधी जेवण, हाफटाइमला चहा-केक. आकडा बघून आम्ही सगळ्यांनी डबे उघडेच ठेवून मनातल्या मनात भागाकार केला. दोन तिकिटांची किंमत त्याच्या फ्लॅटच्या एका ईएमआयपेक्षा थोडी जास्तच होती.

"वन्स इन अ लाइफटाइम आहे रे," तो म्हणाला. हे वाक्य ज्या खरेदीसोबत येतं, तिथे पाकीट फाटणार हे नक्की.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मी तिकडे तीस पौंडात मॅच बघितलीय."

"कुठल्या गल्लीतली टीम?"

"प्रीमियर लीग."

टेबल हसलं. कुणीतरी पुरावा मागितला. पुरावा माझ्याकडे आहे, पाकिटात पॅन कार्डाच्या मागे घडी करून ठेवलाय. पण त्या तिकिटाला काही अटी होत्या, त्या सांगितल्यावर हसणं जरा कमी झालं. एक, बस पहाटे सहाला निघणार. दोन, बसायला सीट असली तरी नव्वद मिनिटं उभंच राहायचं. आणि तीन, आपली टीम हरली तरी गाणं थांबवायचं नाही.

झालं असं, की मी कामानिमित्त तीन महिने इंग्लंडमध्ये होतो. माझा मावसभाऊ तिकडे बरीच वर्षं आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. आयटीवाला, उत्तरेकडच्या एका शहरात घर, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि एक फुटबॉल क्लब. क्लबचं नाव सांगत नाही, अर्धे वाचक इथेच पान उलटतील. दर एक आड एक आठवड्याला हा माणूस आपल्या टीममागे दुसऱ्याच्या गावाला जातो. तिकडे याला 'अवे डे' म्हणतात. आपण काय म्हणायचं? मी खूप विचार केला आणि एकच शब्द सापडला. वऱ्हाड!

अहो, खरंच. पहाटे निघालेली बस, मागच्या सीटवर गाणी, कुणाच्या तरी काकूंनी दिलेला खाऊ, मधल्या थांब्यावर हरवलेला एक जण, आणि पोहोचल्यावर यजमानांच्या पाहुणचाराला नावं ठेवण्याची सामूहिक तयारी. फरक एवढाच की फुटबॉलला जाणाऱ्या बसमध्ये दारूला तिथे १९८५ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे वऱ्हाड थर्मासातल्या चहावर चालतं.

पाहुण्यांच्या भागाची तिकिटं कुणालाही मिळत नाहीत. आधी किती मॅचना गेलात त्यावर क्लब पॉइंट देतो आणि जुन्या खोडांचा नंबर पहिला लागतो. दादाच्या एका मित्राचं ऐनवेळी रद्द झालं म्हणून माझी वर्णी लागली. आम्हाला जायचं होतं पार दक्षिणेला, समुद्रकिनाऱ्यावर. बसने सहा तास. म्हणजे मुंबईहून गोव्याला जायचं, मॅच बघायची आणि त्याच रात्री परत फिरायचं.

बसमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा होते. सत्तरीच्या पुढचे, गळ्यात मफलर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक जाड वही काढली. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, स्कोअर आणि शेवटी एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या दिवसाच्या तिकिटाची किंमत. म्हटलं, बघू का? त्यांनी आनंदाने वही दिली. मी पानं उलटत गेलो. आकडे हळूहळू वाढत होते. दहा. पंधरा. अठ्ठावीस. बेचाळीस. पंचावन्न. आणि मग २०१२ च्या सुमाराला आकडेच गायब. तारीख आहे, गाव आहे, स्कोअर आहे आणि किमतीच्या जागी इंग्रजीतलं 'आर'.

"हे काय?"

"रेडिओ," ते म्हणाले. एवढंच.

त्या वहीतल्या 'आर'ची गोष्ट मला सांगायची आहे. कारण ती एकट्या आजोबांची नाही.

तर मंडळी, आपण मुंबईहून कोल्हापूरला किंवा पुण्याहून नागपूरला रात्रीच्या बसने गेलेलो लोक आहोत. मध्यरात्री ड्रायव्हर दिवे लावून ओरडतो, 'गाडी पंधरा मिनिटं थांबेल!' आपण डोळे चोळत उतरतो. समोर एकच हॉटेल. गावातल्या वडापावच्या दुप्पट किंमत, चहा कोमट, आणि गल्ल्यावरच्या मालकाच्या चेहऱ्यावर 'घ्यायचं तर घ्या' असा भाव. तो असा का वागतो? कारण त्याला माहीत असतं की तुमच्यापुढे दुसरं दुकान नाही. आणि तुम्ही रुसलात तरी त्याचं काही बिघडत नाही, तुम्ही थोडेच त्याचे रोजचे गिऱ्हाईक आहात?

पाहुण्या फुटबॉल प्रेक्षकाचं नेमकं हेच होतं. तिकीट विकतो यजमान क्लब. किंमत ठरवतो तोच. आपल्या गावच्या प्रेक्षकाशी त्याला जरा जपून वागावं लागतं, कारण तो वर्षभर येणार, टी-शर्ट घेणार, पोराला आणणार. पण बाहेरून आलेला? तो वर्षातून एकदा येणार, आणि येणारच, कारण त्याची टीम तिथे खेळतेय. मग लावा दर! वर अजून एक गंमत होती. यजमान क्लब मॅचेसचे वर्ग पाडायचे. अ, ब, क. प्रतिस्पर्धी मोठा असेल तर 'अ'. म्हणजे त्याच खुर्चीला, त्याच खांबाआडून दिसणाऱ्या त्याच मैदानाला, तुमची टीम नावाजलेली आहे म्हणून जादा पैसे. मोठ्या क्लबच्या प्रेक्षकाला जाईल तिथे हा दंड बसायचा.

आणि मग आली १३ जानेवारी २०१३ ची मॅच. लंडनमध्ये आर्सेनल विरुद्ध मॅंचेस्टर सिटी. पाहुण्यांच्या तिकिटाचा दर ६२ पौंड. तेव्हाच्या हिशोबाने आपले पाच हजारांच्या वर. सिटीला मिळालेल्या ३,००० तिकिटांपैकी ९१२ तिकिटं न विकली जाता परत गेली. तेव्हा सिटी गतविजेती होती, टीममध्ये एकापेक्षा एक स्टार, आणि तरीही पाहुण्यांच्या भागात रिकाम्या खुर्च्या. जे आले त्यांनी ६२ चा आकडा लिहिलेला फलक आणला. मॅच सिटीने २-० ने जिंकली आणि खेळाडू आत जायला निघाले. तेव्हा टीव्हीच्या माइकमध्ये एक वाक्य पकडलं गेलं. साइडलाइनवरचा सहायक पंच सिटीच्या खेळाडूंना सांगत होता, की त्या लोकांनी तिकडे बासष्ट पौंड मोजलेत, जा, भेटून या त्यांना.

पंच! ज्याने कुणाचीच बाजू घ्यायची नसते असा माणूस. त्यालाही ते दिसलं.

त्याच जानेवारीत इंग्लंडच्या 'फुटबॉल सपोर्टर्स फेडरेशन'ने मोहीम काढली, 'ट्वेंटीज प्लेंटी'. पाहुण्यांच्या तिकिटाला वीस पौंड पुष्कळ झाले, त्याच्या वर नको. जूनमध्ये वेगवेगळ्या क्लबांचे समर्थक लीगच्या लंडनमधल्या ऑफिसवर मोर्चा घेऊन गेले. ज्यांची एरवी एकमेकांच्या नावाने शिव्यांची गाणी आहेत ते लोक एका बॅनरखाली! लीगने त्या वर्षी थोडं नमतं घेतलं. तीन वर्षांसाठी १ कोटी २० लाख पौंडांचा निधी केला. प्रत्येक क्लबने वर्षाला किमान २ लाख पौंड फिरतीच्या प्रेक्षकांसाठी खर्च करायचे. कुणी बसभाड्यात सूट दिली, कुणी तिकिटात. पण ही झाली दिवाळीतली भेटवस्तू. बेसिक पगार होता तिथेच होता.

मधल्या काळात टीव्हीचा पैसा धो धो आला. २०१६ ते २०१९ या तीन मोसमांसाठी फक्त ब्रिटनमधले लाइव्ह हक्क ५.१३६ अब्ज पौंडांना गेले. आता आपण सगळे एक्सेलवाले आहोत, तर एक साधा हिशोब करू. समजा एका क्लबच्या घरी मोसमात १९ मॅचेस. प्रत्येक मॅचला ३,००० पाहुणे. तिकीट ५० पौंडांवरून ३० वर आणलं तर क्लबचं वर्षाचं नुकसान किती? वीस गुणिले तीन हजार गुणिले एकोणीस, म्हणजे ११ लाख ४० हजार पौंड. सगळ्या वीस क्लबांचं मिळून वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास. आणि टीव्हीचे वर्षाला १७१ कोटी. अहो, हे म्हणजे कंपनीला शेकडो कोटींचा प्रोजेक्ट मिळावा आणि एचआरने पँट्रीतली बिस्किटं बंद करावीत, तसं झालं.

ठिणगी पडली ती मात्र पाहुण्यांच्या नाही, घरच्यांच्या तिकिटावरून. लिव्हरपूलने नव्या मुख्य स्टँडमधल्या काही जागांचा दर ७७ पौंड जाहीर केला. ६ फेब्रुवारी २०१६, घरच्या मैदानावर संडरलंडशी मॅच. लिव्हरपूल २-० ने पुढे. आणि ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालू लागली. जिंकत असलेली मॅच सोडून! पुढच्या तेरा मिनिटांत संडरलंडने दोन गोल केले आणि मॅच २-२ वर सुटली. चारच दिवसांनी मालकांनी माफी मागितली, ७७ चा दर मागे घेतला आणि भाव गोठवले. महिनाभरात, ९ मार्च २०१६ ला, प्रीमियर लीगच्या क्लबांनी जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा. वीस मागितले होते, तीस मिळाले. वाटाघाटीत एवढं चालतं.

ही मर्यादा आधी तीन मोसमांसाठी होती. नंतर वाढवत वाढवत नेली, आणि २०२५-२६ च्या मोसमातही ती तीसच होती. दहा मोसम, एकच दर. या दहा वर्षांत तुमच्या ऑफिसखालच्या कटिंगचा भाव काय झाला ते आठवून बघा.

हे जमलं कसं? तर एका क्लबने एकट्याने दर कमी केला असता तर त्याच्या प्रेक्षकाला काहीच मिळालं नसतं. स्वस्ताई शेजारच्या गावच्या लोकांना, आणि आपले लोक शेजारच्या गावी जाऊन महागातच. म्हणून वर्षानुवर्षं कुणी पहिलं पाऊल टाकलं नाही. पण लीगमधला प्रत्येक क्लब १९ वेळा यजमान असतो आणि १९ वेळा पाहुणा. आज तुमच्या मांडवात आमचं वऱ्हाड, पुढच्या महिन्यात आमच्या मांडवात तुमचं. सगळ्यांनी एकदम ठरवलं तर फिट्टंफाट. आपल्याकडे दोन घरांत मुली दिल्या-घेतल्या की हिशोब आपोआप सरळ होतात, त्यातला प्रकार.

एकेकट्याने बदला घ्यायला गेलं की काय होतं, तेही पाहा. २०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगला स्पेनच्या सेव्हियाने मॅंचेस्टर युनायटेडच्या प्रेक्षकांना ८९ पौंडांचं तिकीट लावलं. युनायटेडने चिडून सेव्हियाच्या प्रेक्षकांनाही तेवढंच लावलं आणि जमलेल्या जादा पैशातून स्वतःच्या लोकांना सूट दिली. आपल्या लोकांसाठी उभे राहिले, चांगलंच केलं. पण बिल कुणी भरलं? सेव्हियाच्या एखाद्या शाळामास्तराने. ज्याने मॅंचेस्टरवाल्यांना काहीही केलेलं नव्हतं. व्याह्यांचं भांडण आणि उपाशी कोण, तर वऱ्हाडी.

जर्मनांचं म्हणाल तर त्यांची या विषयात पीएचडी आहे. २०१० मध्येच डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी 'काइन त्स्वानी' नावाची मोहीम काढली. उभं राहून बघायच्या जागेला वीस युरो देणार नाही, असा तिचा अर्थ. आणि निषेध कुठे केला, तर शाल्केविरुद्ध! म्हणजे वर्षातल्या ज्या एका मॅचसाठी माणूस लग्नाची तारीख बदलेल, तिच्यावरच बहिष्कार. बायर्न म्युनिकचे लोक ऑक्टोबर २०१५ मध्ये लंडनला आले तेव्हा तिकीट ६४ पौंडांचं होतं. ते पहिली पाच मिनिटं आत गेलेच नाहीत. टीव्हीवर सगळ्या जगाला त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. आणि लिव्हरपूलची माणसं उठून गेली त्याच्या तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारी २०१६ ला, स्टुटगार्टमध्ये कपच्या मॅचला डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकले. भाव टेनिसचे लावता, मग घ्या टेनिसच!

यानंतर युरोपातही गणित बदललं. चॅम्पियन्स लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाची कमाल किंमत २०२४-२५ मध्ये ६० युरो आणि २०२५-२६ मध्ये ५० युरो केली गेली. दर खाली आणलेत! एकविसाव्या शतकात कुठल्याही वस्तूची किंमत खाली आल्याची बातमी आपण शेवटची कधी वाचली होती?

आता एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, चला, शेवट गोड. थांबा जरा.

डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या वर्ल्डकपच्या तिकिटांचे आकडे बाहेर आले. वेगवेगळ्या देशांच्या निष्ठावान प्रेक्षकांसाठी जो कोटा असतो, त्यात फायनलचं सगळ्यात स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर. आपले पावणेचार लाख रुपये. यजमानपद मागताना दाखवलेल्या कागदांत सुरुवातीचा दर २१ डॉलर होता! युरोपातल्या प्रेक्षक संघटनांनी आरडाओरडा केला, विक्री थांबवा म्हणाले. काही दिवसांतच फिफाने ६० डॉलरची नवी श्रेणी जाहीर केली, १०४ च्या १०४ मॅचेसना. वा! पण बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला क्रेडिट कार्डाने लावलीच आहे. प्रत्येक टीमच्या समर्थकांना स्टेडियमच्या ८ टक्के जागा, आणि त्यातल्या १० टक्के या दरात. सत्तर हजारांचं स्टेडियम असेल तर एका देशाच्या वाट्याला साधारण ५६०. आख्ख्या देशाला! आपल्या सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त माणसं जेवतात.

आणि तीस पौंडांच्या तिकिटाचंही एवढं कौतुक नको. तिकीट हा खर्चाचा एक तुकडा आहे. टीव्हीसाठी मॅच रविवार संध्याकाळ किंवा सोमवार रात्रीवर ढकलली की शेवटची ट्रेन निघून जाते. मग हॉटेल, नाहीतर दुसऱ्या दिवशीची रजा. न्यूकॅसलचा माणूस बोर्नमथला निघाला तर एका बाजूचं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातं. दादा सांगतो, त्याच्या खर्चात तिकीट तिसऱ्या नंबरवर आहे. पहिला प्रवास, दुसरं खाणं. चौथ्या नंबरवर म्हणे घरी गेल्यावर बायकोला नेलेलं चॉकलेट.

शिवाय पाहुण्यांचं भलं झालं तेव्हा घरच्यांकडे दुर्लक्ष झालं. मॅंचेस्टर युनायटेडने २०२४-२५ च्या मोसमाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. म्हातारा असो की शाळकरी पोर, सूट नाही. म्हणजे त्या मैदानात लांबून आलेला पाहुणा तीस देणार आणि गल्लीतला पोरगा सहासष्ट. वऱ्हाडाला पंगत आणि घरच्यांच्या ताटाला बिल! मर्यादा लिहिलेली असते तिथेच हात थांबतो. जिथे ती लिहिलेली नाही तिथे हात पुढे सरकतो. बसथांब्यावरच्या हॉटेलवाल्याला उगाच एकट्याला कशाला बोलायचं?

कुणी म्हणेल, धंदा आहे, परवडत नाही त्याने घरी बसावं. माझ्या टीममधला तो मित्रही हेच म्हणाला. मागणी-पुरवठा, बॉस. बरोबर आहे. पण मग एक सांग. तू पावणेदोन तास गुबगुबीत खुर्चीत बसायला एवढे पैसे देणार, ते नेमके कशाचे? गवताचे? बावीस माणसांच्या पळण्याचे? ते तर टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं, रिप्ले पण मिळतो. तू पैसे देतोयस त्या आवाजाचे. आणि तो आवाज कोपऱ्यातली तीन हजार माणसं करतात. त्यांनी छेडलं की घरचे चिडतात, घरच्यांनी उत्तर दिलं की स्टेडियम पेटतं. साथीच्या वर्षांत रिकाम्या स्टेडियममधल्या मॅचेस आपण बघितल्यात. आठवतंय ना? खेळाडू तेच, गवत तेच, आणि वाटत होतं की कुणीतरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉल लाथाडतंय. टीव्हीवाल्यांना आवाज रेकॉर्डवरून लावावा लागला होता. शोमधले सगळ्यात स्वस्त नट म्हणजे ही माणसं, आणि त्यांच्याकडूनच तिकिटाचे पैसे घेतात.

आपल्याकडे याची चव घ्यायची असेल तर लांब जायला नको. २४ एप्रिल २०२४, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, आयएसएलच्या सेमीफायनलची पहिली मॅच. एफसी गोवा २, मुंबई सिटी ०. घड्याळात ९० मिनिटं झालेली. आणि तिथून पुढच्या सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. मुंबईहून कोकण रेल्वेने रात्र काढून गेलेला एखादा पोरगा तिथे असेल, तर त्याला विचारा ते तिकीट त्याने काय भावाने विकलं असतं.

तर आमची मॅच. पाऊस. वारा तर असा की गाणं म्हणायला तोंड उघडलं की पाणीच आत. आम्ही ३-० ने हरलो. तिसरा गोल झाला तेव्हा मला वाटलं, आता लोक निघतील. कुणीही हललं नाही. उलट आवाज वाढला. दादाच्या खांद्यावर हात टाकून एक अनोळखी माणूस नाचत होता. तेव्हा दादाने मला कानात सांगितलं, "नवीन आलो होतो ना इथे, तेव्हा शनिवार-रविवार फोन वाजायचा तो फक्त आईचा. ही माणसं मला बसमध्ये भेटली." मग दर वाढत गेले, लग्न झालं, घर घेतलं, आणि त्याने जाणं बंद केलं. चार वर्षं. २०१६ ला तीसचा दर आला तेव्हा त्याला जुन्या ग्रुपमधून फोन आला, येतोस का? गेला. आता कधीकधी लेकीलाही नेतो. तिला मराठी गाणी कमी आणि क्लबची गाणी जास्त येतात, त्यातली काही मावशीसमोर म्हणता येणार नाहीत अशी आहेत.

परतीच्या बसमध्ये दिवे मंद केले. सगळे ओले, सगळे गप्प. आजोबांनी पिशवीतून वही काढली, मोबाइलच्या उजेडात ओळ लिहिली. तारीख, गाव, ०-३. मग मला विचारलं, तुझं किती लागलं? म्हटलं, तीस. त्यांचं स्वतःचं ज्येष्ठ नागरिक म्हणून त्याहून कमी होतं. त्यांनी त्यांचा आकडा लिहिला, आणि पुढे कंसात माझा तीस.

"पाहुणा होतास ना, म्हणून," ते म्हणाले.

सोमवारी मी ऑफिसात ते तिकीट नेलं आणि आमच्या लंडनवाल्या मित्राच्या टेबलावर ठेवलं. त्याने उलटसुलट करून बघितलं. घडीवर शाई थोडी फुटलीय, पावसाची.

"आणि जेवण? जेवण होतं का यात?" त्याने विचारलं.

होतं ना. बसमध्ये एका काकूंनी चीज-लोणच्याचं सँडविच दिलं होतं. पैसे विचारले तर रागावल्या.